पंखा दोनवर

पंखा अचानक बंद झाला तशी संयोगितानं मान वर केली. मघापासून तो पाचवर गरगरत होता. कुणीतरी दूर कुठंतरी बसून त्याला तसं सोडून दिलं होतं आणि तिच्या पदराचं टोक खुर्चीच्या पाठीवरून सारखं उडत होतं. आता पाती मंदावत गेली, तीन वेगवेगळी दिसायला लागली आणि थांबली. खोलीत सामसूम झाली. तिच्या मनात आपोआप आकडे सुरू झाले. एक, दोन, तीन, चार. पाचव्या आकड्याला पंखा हलला आणि दोनवर मंद मंद फिरू लागला.

संयोगिताचे हात तिला न विचारताच वर गेले आणि पदर डोक्यावर आला. पाठ ताठ झाली. नजर जमिनीला लागली.

चालता पंखा थेट वरखाली करायचा नाही, आधी पुरता बंद करायचा, पाती थांबू द्यायची आणि मगच हव्या त्या आकड्यावर लावायचा, नाहीतर रेग्युलेटर जळतं, असं मानणारा माणूस तिच्या माहितीत जगात एकच होता. तो म्हणजे तिचा सासरा, आप्पासो. लग्न होऊन ती या गावात आली त्याला तीन वर्षं झाली. तेवढ्या काळात घरातला पंखा ती असाच थांबताना आणि असाच दोनवर सुरू होताना ऐकत आली होती. दोनच्या वरचा वारा अंगाला बाधतो, हे आप्पासोंचं आणखी एक मत. त्यांच्या मतांना घरात कधी कुणी आव्हान दिलेलं नव्हतं, आणि पंख्यानंही नाही.

त्या दुपारी पंखा तीनदा तसा थांबला आणि तीनदा दोनवर आला. मधे कुणी दिवा लाल केला, कुणी खोलीत धुकं सोडलं, कुणी समुद्र वाजवला. संयोगितानं त्यातलं काही पाहिलं नाही. ती जमिनीवरच्या एका खिळ्याकडं बघत बसली होती.

खोली तात्यासाहेबांच्या शेडमध्ये होती. तासगावच्या अलीकडं रस्त्याला लागून त्यांचं बेदाण्याचं मोठं शेड आहे. फेब्रुवारीपासून उन्हाळाभर तिथं जाळ्यांच्या कप्प्यांवर द्राक्षं वाळत असतात, पुढं वर्षभर शेड मोकळं. तात्यासाहेबांची मुलगी ब्राह्मी बडोद्याला चित्रकला शिकून आली आणि तिनं बापाकडं दागिना मागितला नाही, ऑक्टोबरपुरतं रिकामं शेड मागितलं. त्यात तिनं प्लायवूडची एक दहा बाय दहाची खोली उभी केली. आत एक खुर्ची. वर पंखा, चार रंगांचे दिवे, गरम हवेचं यंत्र, धुक्याचं यंत्र, भिंतीत बसवलेले स्पीकर आणि कोपऱ्यात कॅमेरा. जगात कुठंही बसलेल्या माणसानं फोनवर ब्राह्मीचं पान उघडायचं, खोली बघायची आणि बटणं दाबायची. ज्यानं शेवटी दाबलं त्याचं चाललं. सात दिवस, दुपारी दोन ते सहा. आणि खुर्चीत एक माणूस.

"माणूस कशाला?" असं तात्यासाहेबांनी विचारलं होतं.

"रिकाम्या खोलीत दिवा लाल केला काय अन् निळा केला काय, कुणाला काय वाटणार?" ब्राह्मी म्हणाली होती. "आत कुणीतरी पाहिजे, ज्याला उकडेल, गार लागेल."

तिनं संयोगिताला निवडलं ते शेडाशेजारच्या गोडाऊनमध्ये बघून. बेदाण्यातल्या काड्या वेचायला गावच्या बायका तिथं येत, त्यांत ही एकटी अशी होती की चार चार तास मान वर करत नसे. खुर्चीत बसून तिनं काय करायचं ते तिच्यावर सोडलं होतं. बोलावं, गावं, गप्प बसावं. तिचा आवाज बाहेर ऐकू जायचा. बघणाऱ्यांना मात्र बोलता यायचं नाही, त्यांच्या हातात नुसती बटणं. उजेड आत येऊ नये म्हणून दाराला बाहेरून कडी असायची. नकोसं झालं तर खुर्चीच्या हाताशी एक घंटा होती. संयोगितानं ती एकदाही वाजवली नव्हती.

घरी तिनं सांगितलं होतं, बेदाणा निवडायला जाते. मालक तोच, कुंपण तेच, मजुरीही तेवढीच. खोटं होतं ते इतकंच की ती तिथं काही निवडत नव्हती.

खरं सांगायचं तर तिला ती खोली आवडली होती. परक्यांनी बघण्याची लाज पहिल्या तासाभरात संपली. हे बघणारे तिला ओळखत नव्हते. ती कुणाची सून, कुणाची बायको, फलटणकडची, नवरा सैन्यात, दिवाळीला येणार की नाही, यातलं काही त्यांना ठाऊक नव्हतं आणि विचारायची सोयही नव्हती. पहिल्या दिवशी कुणी खोली निळी करून समुद्र वाजवला तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले होते. दुसऱ्या दिवशी ती गुणगुणली होती. तिसऱ्या दिवशी कुणीतरी फार तापवलं तेव्हा तिनं कॅमेऱ्याकडं बघून "आता पुरे की" म्हटलं आणि आश्चर्य म्हणजे खोली खरोखरच गार झाली. आपण बोललो आणि हवा बदलली, याचं तिला घरी जाईपर्यंत हसू येत होतं. आणि चौथ्या दिवशी हा पंखा.

सहा वाजता ब्राह्मीनं दार उघडलं ती खुशीतच.

"वहिनी, तुम्ही डोक्यावर पदर घेतला आणि माणसं वाढली. तीनशेच्या वर गेली. का घेतला एकदम?"

"गार लागलं."

"उद्यापण घ्या."

संयोगिता चप्पल शोधत होती. शोधता शोधता तिनं विचारलं, "ताई, कोन कोन बगतंय ते तुमाला कळतं व्हय?"

"नावं नाही कळत. गाव कळतं, पण ते शोधून काढावं लागतं. का हो? घरी सांगितलंय ना तुम्ही?"

"सांगितलंय की."

तासगावच्या बाजूचं कुणी बघतंय का, एवढं एकच तिनं तेव्हा विचारलं असतं तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण ते विचारायचं तर का विचारते हे सांगावं लागलं असतं, आणि घरी सांगितलेलं नाही म्हटल्यावर ब्राह्मीनं दुसऱ्या दिवशी दार उघडलंच नसतं. तिला तीन दिवस अजून हवे होते. तिनं चप्पल घातली आणि चालू लागली.

घरात सासरा आणि सून एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं, रीत होती. आप्पासो पुढच्या सोप्यात कॉटवर बसत, संयोगिता स्वयंपाकघरात. दोन्हींच्या मधे उंबरा, आणि उंबऱ्यावर सासूबाई, शालूबाई. आप्पासोंना पाणी हवं असलं की ते समोरच्या भिंतीला म्हणत, "कुनी पानी दिलं तर बरं." संयोगिताला ते स्वच्छ ऐकू येई. पण तेवढ्यावर उठायचं नाही. शालूबाई वळून म्हणणार, "आगं, ते पानी मागत्यात," मग तांब्या भरायचा आणि शालूबाईंच्या हातात द्यायचा. तीन वर्षांत आप्पासोंनी तिला नावानं हाक मारलेली नव्हती आणि तिनं त्यांना उद्देशून एक वाक्य उच्चारलेलं नव्हतं. सोप्यातून गेल्याशिवाय घराबाहेर पडता येत नसे, आणि कॉट दाराशी होती.

त्या संध्याकाळी आप्पासोंच्या हातात फोन होता. तो नेहमीच असे. मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीला फोनवरचा स्टार्टर बसवल्यापासून ते कॉटवरूनच नंबर लावत, एक दाबला की मोटार चालू, दोन दाबला की बंद. रोज डोळ्यांसमोर असलेला तो फोन संयोगिताला आज पहिल्यांदा दिसला. इथं बसून जो माणूस दीड मैलावरची मोटार चालवतो, त्याला शेडातला पंखा किती लांब?

ती भाकरी थापत होती. सोप्यातून आप्पासोंचा आवाज आला.

"एका जागी बसून बसून मानसाचं काय खरं न्हाई."

भाकरी काठाला फाटली.

"कुनाचं वो?" शालूबाई म्हणाल्या.

"माजंच की. गुडगं धरल्यात."

संयोगितानं गुडघ्यांवर विश्वास ठेवला नाही. जेवताना ते पुन्हा म्हणाले, "बगनाऱ्याला सगळं दिसतंय. बोलत न्हाई म्हनून त्याला डोळं न्हाईत व्हय?" तेव्हा गोष्ट सोसायटीच्या निवडणुकीची चालली होती, हे तिला पुढं कळलं. त्या घडीला तिच्या हातातली आमटीची पळी पातेल्यात सुटून पडली. आप्पासो दीड भाकरी खात, त्या रात्री त्यांनी एकच खाल्ली. तेही तिनं मनात मांडून ठेवलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं, सगळं लख्ख दिसतं, आणि त्यातलं काहीच नसतं.

पाचव्या दिवशी ती खोलीत शिरली ती पदर घेऊनच. अडीचच्या सुमारास पंखा थांबला. चार आकडे. मग दोन. ती बसून राहिली. कुणी समुद्र वाजवला, पण सासऱ्यासमोर डोळे मिटून समुद्र कसा ऐकायचा? कुणी खोली तापवली, घाम मानेवरून पाठीत उतरला, आणि पुसायला हात वर केला तर पदर हलेल म्हणून तिनं तो पुसला नाही. बघणारे मात्र वाढत होते. खाली मान घातलेली, चेहरा न दिसणारी बाई त्यांना आवडली असावी. ती वर बघते का हे बघायला ते दिवे भराभर बदलत होते, हिरवा, लाल, पुन्हा हिरवा. तिचं डोकं गरगरलं.

तिनं एकदा घंटेकडं पाहिलं. वाजवली तर दार उघडेल, ती बाहेर पडेल, आणि ती पळाली हे आप्पासो कॉटवरून बघतील. मग चालत घरी जायचं, त्याच कॉटसमोरून आत शिरायचं. खोलीत राहिलं तरी तेच, बाहेर पडलं तरी तेच. घंटा जिथल्या तिथं राहिली. गप्प राहणं हीच त्यांची शिक्षा असेल, असं तिला वाटलं, आणि त्या विचारानं तिला खरंच भीती वाटली. रागावलेल्या माणसाचं एक बरं असतं, तो कधीतरी बोलून मोकळा होतो. हा माणूस तर एरवीही बोलत नाही. मग आता तो रागानं बोलत नाहीये, हे ओळखायचं कशावरून?

त्या संध्याकाळी तिच्यानं राहवलं नाही. तव्यावर भाकरी टाकून ती शालूबाईंकडं वळली.

"आत्याबाई, मामास्नी सांगा, माजं चुकलं."

"काय चुकलं?"

"त्यास्नी म्हाईत हाय."

शालूबाई उंबऱ्याशी गेल्या. "आवं, ती म्हनत्या तिचं चुकलं."

"काय चुकलं म्हनावं?"

"ती म्हनत्या तुमास्नी म्हाईत हाय."

"मला?" सोप्यातून आवाज आला. "मला काय म्हाईत?"

संयोगिताला वाटलं, त्यांना ते तिच्या तोंडून हवंय. तिनं सगळं सांगितलं. शेड, खोली, खुर्ची, कॅमेरा, बटणं. बेदाणा निवडत नाही, नुसती बसते. चार दिवसांपूर्वीच सांगायला हवं होतं. मामांनी पंखा दोनवर आणला तेव्हाच ओळखलं, पण धीर झाला नाही. ती तव्याकडं बघून बोलत होती आणि आवाज सोप्यात पोचेल एवढा ठेवत होती. शालूबाईंना मधे काही सांगावंच लागलं नाही, त्या नुसत्या उंबऱ्यात उभ्या होत्या.

आप्पासोंनी फोन बाजूला ठेवला. मग आप्पासो म्हणाले,

"कसली खोली?"

भिंतीआडून येणारा त्यांचा एकेक सूर संयोगिताला तीन वर्षांत पाठ झाला होता. राग, कंटाळा, दुखणं, भूक, सगळं तिला नुसत्या आवाजावरून कळे. या दोन शब्दांत त्यातलं काही नव्हतं. माणसाला खरोखर काही माहीत नसतं तेव्हाचा तो आवाज होता. तिचे हात पिठात तसेच राहिले. झाकली मूठ तिनं स्वतः होऊन उघडली होती, कुणी मागितलेली नसताना.

"आगं बया!" शालूबाईंनी कपाळाला हात लावला. "परकी मानसं बगत्यात तुला?"

"नुसती बसते वो मी, आत्याबाई."

भाकरी करपल्याचा वास सुटला. कुणी उठलं नाही. सोप्यातून एकेक वाक्य येऊ लागलं, आणि शालूबाई दर वाक्याला मान इकडून तिकडं वळवू लागल्या.

"बेदाना न्हाई निवडत तर."

"न्हाई म्हनत्या."

"नुसती बसत्या."

"व्हय म्हनत्या."

"आन् लोकं पंखा फिरवत्यात."

"व्हय म्हनत्या."

"किती दिस ऱ्हायल्यात?"

"दोन म्हनत्या."

आता 'उद्यापासनं बंद' असं येईल म्हणून संयोगितानं श्वास धरून ठेवला. बाहेर कॉट करकरली.

"तात्यासाहेबांच्या पोरीला शबुद दिलाय, तर मोडायचा न्हाई," आप्पासो म्हणाले. "जाऊ दे तिला." आणि मग उंबऱ्यावरून त्यांचा हात आत आला, हातात फोन. "ह्यात घालून दे म्हनावं. येवडी परकी मानसं बगत्यात, तर घरचं कुनी लक्ष ठिवाय नगं?"

फोन शालूबाईंच्या हातून तिच्या हातात आला. तो गरम होता. तिनं ब्राह्मीचं पान उघडून दिलं आणि शालूबाईंना एकेक बटण दाखवलं. शालूबाईंनी उंबऱ्यात उभं राहून ते पुढं सांगितलं. ह्ये दिव्याचं. ह्ये वाऱ्याचं. ह्येनं समुद्र वाजतो. ह्येनं धुकं येतं. आप्पासो शाळेतल्या पोरासारखे मागून म्हणत होते, "वाऱ्याचं कंचं? डावीकडलं? बरं." अडलंनडलं तर असू दे म्हणून शालूबाईंनी ब्राह्मीचा नंबरही आपल्या साध्या फोनात घालून घेतला. संयोगिता सगळं नीट सांगत होती, एकही बटण सुटणार नाही असं. आपल्याच हातानं दावं वळावं आणि आपल्याच गळ्यात घालावं, तसं तिला वाटत होतं, आणि वळताना पीळ सैल राहू नये याचीही ती काळजी घेत होती.

दुसऱ्या दिवशी खोलीत शिरण्याआधी तिनं ब्राह्मीला विचारलं, "ताई, त्यो पंखा बंद करून दोनवर आननारा मानूस हाय बगा. त्यो कुठला?"

"तो? मलाही कळेना म्हणून मी शोधलं." ब्राह्मी हसली. "पोर्तुगालचा आहे. परवापासून रोज येतो."

"ते कुठं आलं?"

"लांब. समुद्रापलीकडं."

संयोगिता द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसू थांबेना. ब्राह्मी बावरून बघत राहिली.

"तिकडंबी रेग्युलेटर जळत आसंल," संयोगिता शेवटी म्हणाली आणि तिनं डोळे पुसले. "ताई, मी खोटं बोलले तुमाला. घरात कालच सांगितलं. आज मामा बगनार हायत."

ब्राह्मीनं दार उघडून धरलं.

दोन वाजले. कॅमेऱ्यावरचा लाल ठिपका पेटला आणि दोन मिनिटांत खोलीतला दिवा पांढरा झाला. पंखा थांबला. तिनं आकडे मोजले नाहीत. तो दोनवर आला.

कुणीतरी दिवा लाल केला. लगेच तो पांढरा झाला. कुणी समुद्र लावला. एक लाट आली, दुसरी अर्ध्यात तुटली. धुकं भस्सकन सुटलं आणि बंद झालं. पंखा पाचवर गेला की थांबायचा, आणि दोनवर यायचा. अर्ध्या तासात तिच्या ध्यानात आलं की जगातल्या कुणीही काहीही केलं तरी एक माणूस ते तत्काळ निस्तरतो आहे. उसाला पाणी चालू असताना मोटारीवर नजर ठेवावी, तशी नजर तो खोलीवर ठेवून होता. पांढरा उजेड, मंद पंखा, आवाज नाही. खोलीचा हळूहळू सोपा झाला. भिंतीवर तेवढं कॅलेंडर नव्हतं.

ती डोक्यावर पदर घेऊन बसली होती. तिला आप्पासो समोर दिसत होते, कॉटवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, अंगठा फोनवर ताठ धरलेला. ते काही वाईट करत नव्हते. परक्यांपासून सुनेला जपत होते, आणि मन लावून जपत होते. राग धरायचा तर कशावर धरायचा, हेच तिला कळेना. पहिले तीन दिवस तिला आठवले. उद्याचा दिवसही असाच जाणार होता, आणि मग बेदाणा, सोपा, उंबरा.

साडेतीनला दाराबाहेर ब्राह्मीचा आवाज आला. "वहिनी, माणसं चाललीत. तीनशे होती, चाळीस राहिली."

चारनंतर ती पुन्हा आली. "सात."

तिच्या आवाजात राग नव्हता. रात्ररात्र जागून उभं केलेलं काम डोळ्यांदेखत मोडतं आहे आणि मोडणाऱ्याला काही म्हणता येत नाही, असा तो आवाज होता. पावणेपाचला तिनं प्लायवर बोटानं हलकंच टकटक केलं.

"एकच जण राहिलाय. पोर्तुगालवालापण गेला. घंटा वाजवा वहिनी, आज इथंच थांबवू."

संयोगितानं घंटा हातात घेतली. वाजू नये म्हणून आतला लोलक बोटानं धरला. ती तशीच थोडा वेळ बसली आणि मग तिनं घंटा पुन्हा खाली ठेवली. मान वर केली. दोन दिवसांत पहिल्यांदा तिनं कॅमेऱ्याकडं पाहिलं. मधे उंबरा नव्हता, उंबऱ्यावर कुणी नव्हतं.

"मामा," ती म्हणाली, "तुमी आता फोन ठिवा."

आपला आवाज तिला अनोळखी वाटला.

पंखा दोनवर फिरत राहिला. दिवा पांढराच होता. तिला वाटलं, आता उद्या इथं येणं नाही. आता घरी गेल्यावर काय व्हायचं ते होईल. मिनिट गेलं, दुसरं गेलं. बाहेर कुठंतरी फोन वाजला. ब्राह्मी बोलत होती, थांबत होती, "काय म्हणालात?" असं पुन्हा विचारत होती. मग तिची पावलं दाराशी आली.

"वहिनी, तुमच्या सासूबाई आहेत फोनवर."

"काय म्हनत्यात?"

"त्या म्हणतायत, ते विचारतायत..." ब्राह्मी घुटमळली. "ठेवायचा म्हणजे कुठलं बटण दाबायचं?"

संयोगिता कॅमेऱ्याकडं बघत राहिली. दिवा, वारा, समुद्र, धुकं, सगळं तिनं शिकवलं होतं. बाहेर कसं पडायचं ते तिला सांगायचं सुचलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलं नव्हतं. दोन वाजल्यापासून ते बसले होते. चहाला उठले असतील का? गुडघे धरले असतील.

"वर उजव्या हाताला बारकी फुली हाय म्हनावं," ती म्हणाली. "तिच्यावर बोट ठिवायचं. घाई करू नका म्हनावं."

ब्राह्मीनं ते फोनमध्ये सांगितलं. तिकडं शालूबाई ते सोप्यात सांगत असणार. प्लायच्या पलीकडून ब्राह्मीचं नुसतं हुंकारणं ऐकू येत होतं. "उजवा हात. हो, तोच. वर. अजून वर."

दिवा गेला. पंख्याचा आवाज उतरत उतरत थांबला. कोपऱ्यातला लाल ठिपकाही विझला आणि खोलीत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार झाला. संयोगिता दचकली.

"घाबरू नका," ब्राह्मी बाहेरून म्हणाली. "कुणीच बघत नसलं की सगळं आपोआप बंद होतं, मीच तसं केलंय. आजवर कधी वेळच आली नाही. थांबा, दार उघडते."

कडीचा आवाज झाला.

"नगा उघडू, ताई."

"आत अंधार आहे ना?"

"आसू द्या. बसते जरा."

कडी पुन्हा लागली नाही, पण दारही उघडलं नाही. पावलं लांब गेली. संयोगितानं पदर खाली घेतला, खुर्चीवरून उतरून ती जमिनीवर भिंतीला टेकली आणि तिनं पाय लांब केले.